मदत हवी आहे: जुन्या कॅमेऱ्यातला आख्खा रोल कोरा आला (अर्जंट)

चिमणी_२५ | बुधवार, रात्री ११:१२

नमस्कार, जरा पटकन सांगा प्लीज. गेल्या महिन्यात जुन्या बाजारातून एक फिल्म कॅमेरा घेतला, तो दोन हजार म्हणत होता, मी बाराशेला आणला. आजोबांची पंचाहत्तरी होती घरीच, सगळे नातेवाईक आलेले, रोल घातला आणि ३६ च्या ३६ काढले. आज लॅबवाल्याने पट्टी हातात ठेवली आणि म्हणाला मॅडम कोरा आहे. कोरा!! रोलचे साडेनऊशे गेले, वर धुवायचे नि स्कॅनचे साडेचारशे घेतलेच त्याने. शनिवारी ताईचं डोहाळजेवण आहे, तेव्हा परत न्यायचाय. लॅबवाल्याने वाट लावली असेल ना? उद्या भांडायला जाऊ का? कॅमेरा चांगला आहे, शटर मस्त वाजतं.

पावशेर | रात्री ११:२०

कुठला कॅमेरा?

चिमणी_२५ | रात्री ११:२१

जपानी आहे. चंदेरी, वर काळं.

पावशेर | रात्री ११:२३

अहो ताई, चंदेरी वर काळं म्हणजे निम्मा जुना बाजार झाला. नाव वाचा की त्यावरचं.

चिमणी_२५ | रात्री ११:३१

याशिका इलेक्ट्रो ३५, बाजूला जीएसएन. पण त्याने काय फरक पडतो, प्रश्न लॅबचा आहे.

झेनिटवाला | रात्री ११:४०

झाकण लावून काढलेत फोटो, दुसरं काही नाही. ह्या रेंजफाइंडरात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी, त्यामुळे पुढे झाकण असलं तरी तुम्हाला आतून सगळं छान दिसतं. उजेड मोजायचा डोळाही लेन्सच्या बाहेर, वर खिडकीपाशी, म्हणजे तोही काही बोलत नाही. आमच्या मामेभावाने अख्खी महाबळेश्वर ट्रिप अशीच काढली होती. म्हणून मी कायम सांगतो एसएलआर घ्या. रशियन झेनिट घ्या, लेन्समधूनच दिसतं, झाकण असलं की अंधार, विषय संपला. बॅटरी नाही, भानगड नाही, हेलिऑस ५८ मिमी एफ २ लेन्स त्याच्यावरच येते, त्या लेन्ससाठी आज डिजिटलवाले पण वेडे झालेत.

चिमणी_२५ | रात्री ११:४४

झाकण मिळालंच नाही त्याच्याबरोबर. आणि मी नवीन कॅमेरा विचारलेलाच नाहीये.

अतिथी_नेहमीचा | रात्री ११:५२

चौदाशे रुपये घालवून कोरी पट्टी. फोनमध्ये फिल्टर फुकट मिळतो, दाणेसुद्धा येतात, तारीखसुद्धा येते कोपऱ्यात केशरी. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. आजकालच्या मुलांना काय मिळतं ह्यात देव जाणे.

चिमणी_२५ | रात्री ११:५८

फोनसमोर आजोबा "हं काढ काढ" म्हणत पेपर वाचत बसतात. हा कॅमेरा काढला तर आत गेले, टोपी घातली, कोटाची बटणं लावली आणि काठी बाजूला ठेवून ताठ उभे राहिले. ते मिळतं.

आणि ते कोरं आलं म्हणून रडायला येतंय, समजलं?

निगेटिव्ह_विचार | गुरुवार, सकाळी ७:०५

लॅबवर जायच्या आधी एक करा. पट्टी ट्यूबलाइटसमोर धरा आणि भोकांच्या बाजूची कड बघा. तिथे कंपनीचं नाव आणि १, १ए, २, २ए असे आकडे दिसतात का? मी नव्वदच्या दशकात मिनीलॅबला सहा वर्षं काढली आहेत, त्यामुळे हे डोळे झाकून सांगतो. ती अक्षरं कारखान्यातच उजेडाने छापलेली असतात, पण रोल नीट धुतला तरच उमटतात. अक्षरं स्पष्ट आणि मधे साधी केशरी पट्टी असेल तर लॅबचा काही दोष नाही, फिल्मवर उजेडच पडलेला नाही. कडेची अक्षरंसुद्धा गायब असतील तर केमिकलचा घोळ, मग खुशाल भांडा. आणि पट्टी काळीकुट्ट असेल तर कुणीतरी रोल गुंडाळायच्या आधी मागचं दार उघडलंय.

चिमणी_२५ | सकाळी ८:१८

अक्षरं दिसतात, कोडॅक २०० वगैरे. मधे केशरी. म्हणजे लॅब निर्दोष?? पण मग शटर वाजत होतं ते काय?

पावशेर | सकाळी ८:३०

मग रोल अडकलाच नसणार. नव्या लोकांचं ठरलेलं. जीभ, म्हणजे रोलचं सुरुवातीचं टोक, स्पूलमध्ये नीट खोचली नाही की ती सुटते, तुम्ही आपलं लिव्हर ओढताय, आकडा पुढे जातोय, आत रोल जागच्या जागी. पुढच्या वेळी लिव्हर ओढताना डावीकडची गुंडाळायची चावी गरगरते का बघा. ती फिरली तर रोल चालतोय. ती नाही फिरली तर तुम्ही हवेचे फोटो काढताय.

माझ्याकडे चार कॅमेरे आहेत जुन्या बाजारातले, सगळे मिळून साडेतीन हजारात, त्यातला एक एमएफ-२ तर नुसता बॉक्स आहे, फोकस नाही काही नाही, दोन पेन्सिल सेल टाका आणि दाबा. लग्नात तोच नेतो, कुणी दारू सांडली तरी जीव जळत नाही. बुधवारी सकाळी नऊच्या आत जा, रविवारी सगळे कॉलेजवाले येऊन भाव वाढवून ठेवतात.

निगेटिव्ह_विचार | सकाळी ८:४१

पावशेर, तुमचं बरोबर असू शकतं, पण थांबा. ताई, ३६ च्या ३६ कोऱ्या आहेत का? एकही फ्रेम नाही? नीट बघा, पुसटसुद्धा?

नाना_नळस्टॉप | सकाळी ९:१५

वाचून फार बरं वाटलं की हल्लीची मुलं "रोल धुवायला टाकला" म्हणतात. आमच्या नातवाला सांगितलं तर तो म्हणाला वॉशिंग मशीनमध्ये का. आमच्याकडे आगफा क्लिक थ्री होता, बडोद्याला बनायचा तो. १२० चा रोल, बारा फोटो, चौकोनी. बारा फोटोंत अख्खी पन्हाळा-जोतिबा सहल बसवायची, आई प्रत्येक फोटोआधी विचारायची "हा लागेल का रे?" उटीच्या सरकारी कारखान्याचा इंदू रोल मिळायचा कृष्णधवल, तो मला आगफापेक्षा बरा वाटायचा पण ऐकणार कोण. क्लिक थ्री माळ्यावर अजून आहे. त्याचा रोल आता मिळतो का कुणी सांगेल का?

झेनिटवाला | सकाळी ९:२२

नाना, धागा दुसऱ्याचा आहे.

नाना_नळस्टॉप | सकाळी ९:२४

तुम्ही झेनिट विकत होतात तेव्हा कुणाचा होता?

दर्यावर्दी | सकाळी १०:०२

रत्नागिरीहून सांगतो, फंगस बघा. लेन्सवर टॉर्च तिरका मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे. आमच्याकडे चार महिने पावसात कॅमेरा कातडी केसमध्ये ठेवला की गेलाच, ते कातडंच पाणी धरून ठेवतं. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, ते ओलं झालं की रंग बदलतं, मग तव्यावर गरम करून परत वापरायचं. आमची ही त्या डब्याला कॅमेऱ्याचा पापडाचा डबा म्हणते.

निगेटिव्ह_विचार | सकाळी १०:१०

दर्यावर्दी, फंगसने फोटो धुरकट येतो, रोल कोरा येत नाही.

दर्यावर्दी | सकाळी १०:११

तरी बघून ठेवावं.

चिमणी_२५ | दुपारी १:३७

सॉरी, ऑफिसात होते. हो, दोन फ्रेम आल्यात, सांगायचं राहिलं. गच्चीवर सकाळी आजोबा तुळशीला पाणी घालत होते ते दोन, आणि तेही एकदम छान दिसतंय, तुळशीची पानं मोजता येतील. पण बाकी ३४ कोऱ्या म्हणजे कोऱ्याच ना.

निगेटिव्ह_विचार | दुपारी १:५२

"सांगायचं राहिलं" 🙏 ह्याच्यावरच सगळं अवलंबून होतं हो. दोन आल्यात म्हणजे रोल चालत होता, झाकण नव्हतं. पावशेर आणि झेनिटवाला दोघेही बाद. आता दोन प्रश्न. लेन्सवरची रिंग कितीवर होती? बॅटरी कुठली टाकलीत?

चिमणी_२५ | दुपारी १:५५

रिंग ८ वर. एका व्हिडिओत सांगितलं होतं ८ वर ठेवून द्या आणि विसरून जा.

बॅटरी? ह्याला बॅटरी लागते?

पावशेर | दुपारी १:५६

😂😂😂 इलेक्ट्रो! नावातच आहे!

निगेटिव्ह_विचार | दुपारी २:२०

हसू नका, विकणारा सांगत नाही आणि शटर बॅटरीशिवायही वाजतं, तिथेच माणूस फसतो. इलेक्ट्रो ३५ मध्ये तुम्ही त्या रिंगने फक्त लेन्सचं भोक ठरवता (एफ ८ म्हणजे लहान, एफ २ म्हणजे मोठं), किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा ठरवतो. बॅटरी नसेल तर तो विचार न करता प्रत्येक वेळी १/५०० सेकंद मारतो. आता हिशेब करा. २०० चा रोल (आकडा जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो), एफ ८, सकाळचं स्वच्छ ऊन, तिथे १/५०० जवळपास बरोबरच बसतं, म्हणून तुळस आली. तेच घरातल्या ट्यूबलाइटमध्ये एफ ८ ला साधारण अर्धा सेकंद हवा होता. म्हणजे फिल्मला हवा होता त्याच्या अडीचशेपट कमी उजेड मिळाला. कोरी नाही येणार तर काय.

मागे बॅटरी चेकचं बारीक बटण आहे, ते दाबा. हिरवा दिवा लागला नाही म्हणजे कप्पा रिकामा किंवा आत जुनी सडलेली.

मूळची बॅटरी ५.६ व्होल्टची पाऱ्याची होती, ती बंद होऊन जमाना झाला. तुम्ही ६ व्होल्टची ४एलआर४४ घ्या, पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळेल. दिसायला तशीच असलेली २३ए हातात देतील ती घेऊ नका, ती १२ व्होल्टची आहे. कप्पा लांब आहे आणि ही बुटकी, उरलेल्या जागेत पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियम फॉइल घट्ट गोळा करून भरा, आणि बॅटरी आत हलू नये म्हणून भोवती कागदाची गुंडाळी.

झेनिटवाला | दुपारी २:३१

म्हणून म्हणतो, पूर्ण मेकॅनिकल घ्या. बॅटरीच नाही तर विसरणार काय?

पावशेर | दुपारी २:३८

तुमच्या झेनिट-ई ला १/३० च्या खाली थेट बी (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं) आहे दादा. आणि गळ्यात किलोभर लोखंड. डोहाळजेवणात ताईला ओवाळायचंय, कुणाचं डोकं फोडायचं नाहीये.

झेनिटवाला | दुपारी २:४०

पडला तर फरशी फुटते, कॅमेरा नाही. तुमच्या प्लास्टिकच्या डबीबद्दल असं म्हणून दाखवा.

चिमणी_२५ | संध्या. ७:४५

उघडला. आत कुणाचीतरी जुनी बॅटरी होती, हिरवी पावडर झालेली. ती चिकटलीये कप्प्याच्या टोकाला. काय करू, परवा कार्यक्रम आहे!!

दर्यावर्दी | संध्या. ७:५८

व्हिनेगर. कापसाच्या काडीवर अगदी थोडं, मग कोरड्या काडीने पुसा, मग बारीक पॉलिश पेपरने पितळ चमकेपर्यंत घासा. व्हिनेगर आत ओतू नका. हे मात्र माझ्या अनुभवाचं, खाऱ्या हवेत रोजचं काम आहे.

निगेटिव्ह_विचार | रात्री ८:१०

बरोबर. आणि लिव्हर ओढताना शेवटी आतून एक "खट्" ऐकू येतो का बघा. ह्या मॉडेलमध्ये आत एक रबराचा तुकडा असतो, तो विरघळला की तो आवाज जातो आणि मग नवी बॅटरी टाकूनसुद्धा वेळ चुकते, ते मेकॅनिककडचं काम.

चिमणी_२५ | शुक्रवार, रात्री ९:२६

खट् येतो! व्हिनेगरने साफ केलं, घरभर लोणच्याचा वास. तीन दुकानं फिरले, दोघांनी २३ए च दिली काढून, तिसऱ्याकडे सुट्टे एलआर४४ होते म्हणून चार घेऊन एकावर एक ठेवून चिकटपट्टी लावली. हिरवा दिवा लागला!!! उद्या संध्याकाळी घरातच आहे कार्यक्रम, ४०० चा रोल आणलाय. रिंग ८ वर नको ना?

निगेटिव्ह_विचार | रात्री ९:३४

एफ २ वर. वरची डायल आठवणीने ४०० करा. बऱ्या उजेडात १/६० च्या आसपास मिळेल. बटण अर्धं दाबल्यावर केशरी दिवा लागला तर वेळ १/३० च्या खाली गेली, मग भिंतीला टेकून उभ्या रहा किंवा ताईला खिडकीपाशी बसवा. एफ २ ला फोकस नाजूक असतो, खिडकीतल्या मधल्या पिवळ्या चौकोनात दोन नाकं दिसतात ती एक झाली की दाबा. आणि सेल पडू देऊ नका, हिरवा दिवा दर थोड्या वेळाने बघा.

अतिथी_नेहमीचा | रात्री ९:५०

फोन पण खिशात ठेवा.

चिमणी_२५ | रविवार, सकाळी ११:०३

ठेवला होता. १४ झालेत, २२ शिल्लक. ताई म्हणते आता बाळाचे काढ, तोवर धुवायला टाकू नकोस. तीन महिने आहेत अजून, तोपर्यंत रोल आत राहिला तर चालतो का?

पावशेर | सकाळी ११:१०

चालतो. उन्हात, गाडीत ठेवू नका.

दर्यावर्दी | सकाळी ११:१२

पापडाचा डबा.

नाना_नळस्टॉप | सकाळी ११:४०

१२० च्या रोलचं कुणी सांगितलं नाही अजून.