मदत हवी आहे : लिनक्समध्ये एकाच प्रोग्रामचा पीआयडी ३२,७६७ च्या आत ठेवता येईल का?

सातपूरकर :
मंडळी, सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनचं रीडिंग गोळा करणारा जुना प्रोग्राम आहे. सोर्स कोड कुणाकडेच नाही. सोबत वॉचडॉग चालतो : प्रोग्राम अडकला की फाइलमधला पीआयडी (प्रत्येक चालू प्रोग्रामला, म्हणजे प्रोसेसला, लिनक्स देतं तो क्रमांक) वाचून त्याला किल करायचं आणि नवा उठवायचा. वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. सर्व्हरवर नवं लिनक्स आलं आणि वॉचडॉग भलत्याच प्रोसेस मारायला लागला.

कारण सापडलंय. तो पीआयडी १६ बिटांच्या साइन्ड, म्हणजे उणेही होऊ शकणाऱ्या, आकड्यात ठेवतो. पूर्वी पिड_मॅक्स, म्हणजे पीआयडीची मर्यादा ठरवणारं सेटिंग, ३२,७६८ होतं, म्हणजे सर्वांत मोठा पीआयडी ३२,७६७, अगदी काठोकाठ. ६४ बिट मशीनवर सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) २०१९ पासून ही मर्यादा ४१,९४,३०४ वर नेतं. आता खरा पीआयडी ७०,००० असला की फाइलमध्ये ४,४६४ पडतो. ४०,००० चा उणे २५,५३६ होतो, आणि किलला उणे आकडा दिला की सिग्नल अख्ख्या प्रोसेस ग्रुपला, म्हणजे प्रोसेसच्या गटाला, जातो. १,३१,०७१ चा तर उणे १, म्हणजे जवळपास सगळ्याच प्रोसेस! वॉचडॉग रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन चालतो, पुढचं सांगायला नको.

शेवटचा दिलेला पीआयडी ठेवणाऱ्या एनएस_लास्ट_पिडमध्ये आकडा लिहून पाहिला, पण लिहिणं आणि फोर्क (नवी प्रोसेस उठवणं) यांच्यामध्ये दुसरी प्रोसेस उठली की आकडा तीच पळवते. प्रोसेस उठवणाऱ्या क्लोन३ कॉलमधलं सेट_टिड हवा तो आकडा देतं, पण त्यासाठी वॉचडॉगच बदलावा लागेल. सरळ पिड_मॅक्स खाली आणू का? त्याच सर्व्हरवर डेटाबेस आहे आणि थ्रेडही (प्रोसेसच्या आत एकाच वेळी चालणारी कामं) याच आकड्यांतून जातात.

गोदाकाठ :
आजची रात्रपाळी निभवायची तर आणा खाली. सिस्टीमवरचे एकूण थ्रेड आधी मोजा, आकडे संपले की फोर्क ईअगेन ही एरर देऊन नापास होतो. आणि आधीच मोठा पीआयडी घेऊन बसलेल्या प्रोसेस तशाच राहतात, म्हणून प्रोग्राम आणि वॉचडॉग दोन्ही रीस्टार्ट करा.

फोर्कवाला :
दादा, सगळ्या सर्व्हरला कशाला आवळता? प्रोग्राम आणि वॉचडॉग दोघांना एकाच पीआयडी नेमस्पेसमध्ये, म्हणजे पीआयडींच्या वेगळ्या कप्प्यात घाला. तो कप्पा बनवणाऱ्या अनशेअर कमांडला पिड, फोर्क आणि माउंट-प्रॉक हे तिन्ही पर्याय द्या. आतली मोजणी १ पासून वेगळी चालते, डेटाबेसचे थ्रेड तिच्यात येत नाहीत. वॉचडॉग बाहेर ठेवू नका, बाहेरून त्याच प्रोसेसचा आकडा वेगळा दिसतो. आत १ नंबरला छोटी इनिट (बाकीच्यांना सांभाळणारी पहिली प्रोसेस) हवीच, नाहीतर झोंबी, म्हणजे संपूनही यादीत राहिलेल्या प्रोसेस, साचतील. फोर्क फार होत असतील तर आतला आकडाही कधीतरी ३२,७६७ ओलांडेल. कर्नेल ६.१४ असेल तर पिड_मॅक्स त्या नेमस्पेसपुरतंच लावता येतं.

सातपूरकर :
कर्नेल ६.१ आहे. पण वॉचडॉग फोर्क करतो तो फक्त प्रोग्राम उठवताना, त्यामुळे चालून जाईल. टेस्ट मशीनवर इनिट १, वॉचडॉग २, प्रोग्राम ३ असं दिसतंय. एकच शंका : इनिट मेली की कर्नेल आतलं सगळंच मारतो ना? मग सर्व्हिस थांबवताना रीडिंगची फाइल अर्धवट लिहिली जायला नको.

फोर्कवाला :
मारतो, तेही थेट सिगकिलने, आवरायला वेळ न देता. म्हणून टर्म (थांबायला सांगणारा सिग्नल) आला की तो आधी आतल्या प्रोसेसना पोचवून, त्या संपेपर्यंत थांबणारी इनिट घ्या.