समावेशक, समावेशित, एकात्म: फरक नेमका काय?

मुलाच्या शाळेतून पत्र आलंय, वर 'समावेशित शिक्षण' लिहिलंय आणि खाली 'समावेशक वर्ग', आणि मैत्रीण म्हणते एकात्म शिक्षण म्हणजेही तेच. खरंच तिन्ही एकच आहेत का? उत्तर लिहायचंय, कुठला शब्द वापरू? मुलगा चौथीत आहे, त्याला कमी दिसतं.

ताई, एकच नाहीत. एकात्म हा जुना शब्द, १९७४ च्या केंद्राच्या योजनेपासूनचा. त्यात मुलाला नेहमीच्या शाळेत घ्यायचं, साधनं-भत्ते द्यायचे, पण वर्ग चालायचा तसाच चालायचा आणि जुळवून घ्यायचं ते बहुतेक मुलानंच. समावेशक म्हटलं की बदलायचं शाळेनं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात व्याख्याच तशी आहे, दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकणार आणि शिकवण्याची पद्धत दिव्यांग मुलांच्या गरजेप्रमाणे बदललेली असणार. लोकांना पहिला अर्धा भाग पाठ असतो, दुसरा कुणी वाचतच नाही!

आता व्याकरण. प्रेरक म्हणजे प्रेरणा देणारा आणि प्रेरित म्हणजे ज्याला ती मिळाली तो, तसंच समावेशक म्हणजे समावेश करणारा आणि समावेशित म्हणजे ज्याचा समावेश झाला तो. म्हणजे शाळा समावेशक, मूल समावेशित. 'अपंग समावेशित शिक्षण योजना' अशा नावांमुळे सरकारी कागदांवर समावेशित रुळलाय, त्याला चूक म्हणत बसू नका, पण तुम्ही समावेशकच लिहा, कारण त्यात काम कुणी करायचंय ते दिसतं.

आणि मुलाबद्दल 'अंध' लिहू नका, 'अल्पदृष्टी' लिहा. मी विशेष शिक्षिका आहे, अंध वाचलं की लोक ब्रेलचं बोलायला लागतात आणि ज्या पोराला ठळक रेघांची वही नि मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका पुरते त्याला ती मात्र कुणी देत नाही, हे मी पाहिलंय.

मध्येच बोलते, 'सामावून घेणे' का नको? आपल्या बोलण्यातला शब्द आहे.

चांगला आहे की! मला त्यात 'मावणं' ऐकू येतं, पिशवीत वस्तू मावत नाही तेव्हा आपण मोठी पिशवी काढतो, वस्तू कापत नाही. फक्त 'सांभाळून घ्या'सारखा विनवणीचा सूर नको, प्रवेश काही उपकार म्हणून मिळालेला नाही.

खूप आभार दोघींचे. उत्तराच्या पत्रात मी असं लिहिलंय: 'मुलगा अल्पदृष्टी आहे. वर्ग समावेशक व्हावा म्हणून फळ्यावर लिहिताना बाईंनी ते मोठ्यानं वाचावं आणि त्याला पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवावं.' उजेड समोरून आला की त्याला फळा नुसता पांढरा दिसतो, हे आजवर शाळेत कुणी विचारलंच नव्हतं.