टसरच्या स्टोलला करवत काठीचे जतन म्हणावे काय?

झाडीपट्टीकर (नागभीड तालुका):

शहरांतील प्रदर्शनांत आणि ऑनलाइन दुकानांत सध्या विदर्भाच्या टसरचे, म्हणजे जंगली रेशमाचे, स्टोल, हातपिशव्या आणि उशांचे अभ्रे मोठ्या संख्येने दिसतात, आणि जुनी कला नव्या घरांत पोचली म्हणून त्यांचे कौतुक होते. टसर खपते याचा आनंद मलाही आहे. परंतु यांतील बहुतेक वस्तूंमध्ये आमच्या भागातील विणकामाची खरी ओळख असलेले कौशल्य उतरतच नाही, आणि म्हणून त्या खपाला कलेचे जतन म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे.

करवत काठी साडीत अंग टसरचे आणि काठ वेगळ्या रंगाचा असतो, व दोन्ही जिथे मिळतात तिथे करवतीच्या दात्यांसारखी रांग उमटते. ही रांग छापलेली नसते आणि वरून भरलेलीही नसते. मागावर आडवा धागा वाहून नेणारे तीन धोटे चालतात, एक अंगासाठी आणि दोन दोन्ही बाजूंच्या काठांसाठी. प्रत्येक फेरीला अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, काठाच्या बाण्यात अडकवून परत फिरवावा लागतो, त्यामुळे अंगाचा रंग काठात शिरत नाही आणि काठाचा अंगात उतरत नाही. या कामात माग सावकाश चालतो, हात सतत थांबतो, आणि पुष्कळदा शेजारी मदतीला दुसरे माणूस बसवावे लागते. भौगोलिक मानांकन मिळाले आहे तेही करवत काठी याच नावाने.

स्टोल किंवा अभ्र्याच्या कापडाला मात्र एकच धोटा पुरतो. व्यापारी साध्या थानाची मागणी देतो, घरातील मुलगा तेवढेच शिकतो, आणि तीन धोट्यांचा हात ज्यांच्याकडे आहे ते विणकर वयाने थकत चालले आहेत. साधे कापड यंत्रमागही विणू शकतो, मग उद्या हातमागाने कोणत्या बळावर उभे राहायचे? नव्या वस्तू जरूर कराव्यात, पण त्यांत करवत असावी. टेबलावरचा पट्टा मागावरच हव्या त्या रुंदीचा विणून त्याला दोन्हीकडे काठ देता येतो. दरवाज्याचे पडदे आणि ओढण्याही तशाच करता येतील. साडीचे कापड कापून त्याचे बटवे शिवणे मात्र मला विणकराच्या श्रमाचा अनादर वाटतो.

मोहाडीची सून (भंडारा जिल्हा):

भाऊ, आपली कळकळ समजते, पण आपण मागाकडे ओसरीतून पाहता आणि मी मागाच्या घरात राहते. तीन धोट्यांची साडी मागावरून उतरायला बरेच दिवस जातात, त्यानंतर ती विकली जाईपर्यंत पैसा अडकून राहतो, आणि किराणा दुकानदार तोवर थांबत नाही. साध्या थानाची मजुरी लवकर हातात येते. ज्या घरांनी थानाचे काम धरले त्यांचे माग अजून चालू आहेत. ज्यांनी केवळ साडीची वाट पाहिली, त्या घरांतील माणसे आज नागपुरात बांधकामावर किंवा पहारेकऱ्याच्या नोकरीत आहेत. बंद पडलेल्या मागावर करवत कोण विणणार?

दुसरी गोष्ट आपल्या लिखाणात आलीच नाही. साडीच्या मागावर बहुधा पुरुष बसतो आणि कांड्या भरणे, सूत उकलणे, ताण्याची (उभ्या धाग्यांची) तयारी ही कामे घरातील बाया करतात, ज्यांची वेगळी मजुरी कोणी मोजत नाही. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांहून अधिक माणसे या कामात आहेत आणि त्यांत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. आमच्या भागात स्टोलचे काम आले तेव्हा काही बाया स्वतः मागावर बसल्या आणि मजुरी त्यांच्या हातात पडली. हा बदल मला करवतीच्या दात्यांइतकाच मोलाचा वाटतो.

आणि परंपरेतला प्रत्येक कष्ट जपण्याजोगा नसतो. कोशाचा धागा उघड्या मांडीवर घासून काढण्याचे काम पिढ्यानपिढ्या बायांनीच केले, कातडी सोलवटून घेतली. धागा काढण्याची बुनियाद यंत्रे आली तेव्हा त्या जुन्या पद्धतीसाठी आमच्यापैकी कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही.

मेळघाटवासी (धारणी तालुका):

आपण दोघेही वस्तू कशी असावी यावर बोलत आहात. माझ्या मते त्याच्या आधीचा प्रश्न कच्च्या मालाचा आहे. आमच्याकडे बांबूचे काम आहे. लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी तरुणांना फर्निचरापासून राख्यांपर्यंत नव्या वस्तू शिकवल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, म्हणजे शिकवणाऱ्यांची वाण नाही. पण बुरुडाच्या हाती वेळेवर, परवडणाऱ्या दरात चांगला बांबू पडला नाही तर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र भिंतीवरच राहते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २०११ मध्ये आपल्या जंगलातील बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे मिळवला, ही घटना मला बांबूच्या कोणत्याही सुंदर दिव्यापेक्षा मोठी वाटते. टसरचेही तेच आहे. कोसा, म्हणजे टसरचा कोश, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो, तो वाढवणारी ढिवर समाजाची कुटुंबे जंगलावर अवलंबून असतात, आणि या साखळीचा उल्लेख स्टोलच्या चिठ्ठीवर कुठेच नसतो.

शिवाय सूप, टोपली, परडी या वस्तू गावानेच घेणे सोडले आहे. लग्नात सूप लागते म्हणून एक आणायचे आणि घरात मात्र प्लास्टिकचे घमेले वापरायचे, ही आपली रीत झाली आहे. शहरी ग्राहकाकडून जतनाची अपेक्षा करण्याआधी आपण आपल्या घरातील भांड्यांकडे पाहिले पाहिजे.

वर्धेकर:

झाडीपट्टीकरांशी माझा मतभेद वेगळ्या कारणाने आहे. विणकराचे खरे नुकसान स्टोलमुळे होत नसून नकलेमुळे होते. यंत्रमागावर एकाच धोट्याने करवतीची नुसती आकृती उठवलेली साडी ‘हातमाग’ म्हणून विकली जाते. काठ उलटा करून पाहिला तर फरक कळतो, कारण नकलेत अंगाचाच बाणा काठात गेलेला असतो, काठाचा रंग मळका दिसतो आणि बरेचदा मागे सुटे धागे लोंबतात. पण असे पाहणारे ग्राहक किती? हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा १९८५ पासून आहे, त्यात प्रारंभी २२ वस्तू होत्या आणि पुढे ११ उरल्या, आणि साडी आजही त्या यादीत आहे. अंमलबजावणी मात्र बाजारात जाणवत नाही. वर्ध्यात १९३८ पासून मगन संग्रहालय आहे, तिथे ग्रामोद्योगाच्या अवजारांसोबत खादीही पाहता येते. खरे कापड हाताला कसे लागते हे मुलांना अशा ठिकाणी नेऊन शिकवले, तर पुढच्या पिढीला तरी नक्कल ओळखता येईल.

झाडीपट्टीकर:

मांडीवर धागा काढण्याबद्दल ताईंनी लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. पण त्या कामात शरीराची झीज होती आणि यंत्राने ती टाळली, कापडाचा गुण तसाच राहिला. तीन धोट्यांचे काम गेले तर कापडच बदलते. त्याला कष्ट म्हणून बाजूला सारता येणार नाही, कारण तीच विद्या आहे. बायांच्या हातात मजुरी येते ही बाब मी हलकी मानत नाही. म्हणूनच माझे म्हणणे आहे की काठाचे विणकाम त्यांनाही शिकवावे, म्हणजे कमी मजुरीचे साधे काम बायांकडे आणि मानाचे काम पुरुषांकडे अशी नवी वाटणी होणार नाही. वर्धेकरांच्या मुद्द्याने माझ्या म्हणण्याला उलट बळच मिळते, कारण काठ उलटा करून खरेपणा ओळखायचा तर वस्तूला काठ हवा.

मोहाडीची सून:

शिकायला आमची तयारी आहे. मात्र शिकण्याच्या काळात थान कमी उतरते, आणि त्या दिवसांची मजुरी कोणी द्यायची हे आधी ठरावे लागेल. काठ असलेले पट्टे आणि ओढण्या हव्या असतील तर मागणी देणाऱ्याने सूत आणि निम्मी मजुरी आगाऊ द्यावी, आणि माल परत करण्याची अट काढून टाकावी. एवढे मान्य करणारा व्यापारी आपल्या ओळखीत असेल तर कळवा, आमच्या गल्लीतील चार घरे तीन धोटे पुन्हा बांधायला तयार आहेत.