मदत हवी आहे: शर्यत आणि सफर, दोन्हींसाठी एकच जुनी यॉट घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

सात वर्षं झाली, दुसऱ्यांच्या बोटींवर क्रू म्हणून जातोय. सुरुवातीला रेलिंगवर नुसतं वजन म्हणून बसायचो, मग फोरडेकवर (पुढच्या डेकवर) गेलो, आणि गेले तीन हंगाम मेनशीट, म्हणजे मुख्य शिडाचा दोर, माझ्याकडे आहे. आता एका मित्राबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत ३६ फुटी बोट घ्यायचं मनात आहे. २२ वर्षं जुनी, फायबरग्लासची, शर्यतीतही उतरवता येईल आणि आठवडाभर सफरीलाही नेता येईल अशी. मालकांना आता वयामुळे झेपत नाही म्हणून विकतायत. खरेदीची किंमत आम्हाला परवडते. पुढची वर्षं परवडतील का, इथे आमचं घोडं अडलंय.

शनिवारी चार तास बोटीवर होतो. ती पंधरा दिवसांपासून पाण्याबाहेर स्टँडवर आहे. केबिनच्या फळ्या उचलून बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, टॉर्च मारला, तर कीलच्या (तळाखालच्या जड पात्याच्या) एका बोल्टभोवती तांबूस ओघळ दिसला. नख लावल्यावर गंजाचा पापुद्राच निघाला. मग खाली उतरून बाहेरून पाहिलं. कील आणि हलच्या (बोटीच्या धडाच्या) सांध्याला पुढच्या टोकाशी केसाएवढी फट आहे आणि तिच्यातून तपकिरी पाण्याचा एकेक थेंब अजून झिरपतोय. मित्र म्हणाला, रंगाची भेग असेल. असेलही. पण २०१४ साली अटलांटिकमध्ये 'चीकी राफिकी' या यॉटची कील निखळली आणि चारही खलाशी गेले. ती ४० फुटी, याच जातीची बोट होती. आधी तळाला बसलेले धक्के आणि त्यावरच्या दुरुस्त्या यांनी कीलजवळचा भाग कमकुवत झाला असावा, असं चौकशीत निघालं. त्यामुळे ती फट काही डोक्यातून जात नाही.

शिडांचे दोन संच आहेत. सफरीची डेक्रॉनची (विणलेल्या पॉलिएस्टर कापडाची) शिडं मऊ पडलीत, पण शिवण शाबूत आहे. शर्यतीचं लॅमिनेट (थर चिकटवून केलेलं) जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, गवतावर पसरलं, तर थर सुटून मागच्या कडेला फुगे आलेले. ते गेलंच म्हणायचं. डोलकाठीच्या तारा १२ वर्षांपूर्वी बदलल्यात. सेलड्राइव्हचा (इंजिनाची ताकद तळातून खाली पंख्याला देणाऱ्या भागाचा) पाणी अडवणारा रबरी पडदा कधी बदलला, याची नोंद मालकांकडे नाही.

आता खर्चाचं. खरेदीच्या दहा टक्के दरवर्षी बाजूला काढा, असं सगळेच सांगतात. जुन्या बोटीला हा हिशोब लागू पडत नाही, असं माझं मत झालंय. बोट जुनी झाली की स्वस्त होते, तिची शिडं होत नाहीत. ३६ फुटी बोटीच्या तारा, विंच (दोर ओढायची चक्रं), इंजिन यांचा भाव बोट नवी असो की २२ वर्षांची, तोच. मग दहा टक्के नव्या बोटीच्या किमतीवर धरायचे का? तसे धरले तर थोड्याच वर्षांत आम्ही ही बोट पुन्हा एकदा विकत घेतल्यासारखं होतं.

मित्राचं म्हणणं, मग ३० फुटी बघू. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. ३० ची ४० फूट केली तर लांबी एक तृतीयांशानेच वाढते, पण त्याच घडणीच्या बोटीचं वजन २.४ पटीच्या आसपास जातं, आणि दोर, नांगर, विंच सगळं त्या वजनावर ठरतं. पण ३० फुटांत दोन कुटुंबांनी आठवडा काढायचा म्हणजे कठीण आहे.

एवढं असूनही का घ्यायची, हे सांगितल्याशिवाय प्रश्न पुरा होणार नाही. मागच्या हंगामात एका रात्रीच्या शर्यतीत पहाटे तीनला सुकाणू माझ्याकडे होतं. वारा बाजूने, बारा-तेरा नॉट. बोटीमागे पाणी हिरवट चमकत होतं आणि टिलरवर फक्त दोन बोटांचं वजन लागत होतं. मागून मोठी बोट येऊन पुढे गेली, तरी निकालात आम्ही वर होतो. आयआरसी या वेगवेगळ्या बोटींना एकत्र शर्यत करू देणाऱ्या गुणांक-पद्धतीत लागलेला वेळ बोटीच्या गुणांकाने गुणतात. ०.९५० गुणांकाच्या बोटीला ३०० मिनिटं लागली तर २८५ धरतात. म्हणजे १.००० वालीने २८५ मिनिटांत यायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी. जुनी बोट नीट चालवली तर जिंकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती बोट आपली असावी आणि महिनाभराने तिच्यावरच मुलांना घेऊन एखाद्या खाडीत नांगर टाकावा, एवढीच इच्छा आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं: या कीलवर पुढे जावं का? शर्यत आणि सफर एकाच बोटीवर खरंच निभतं का? आणि खर्च सर्वात जास्त कुठे होतो?

प्रतिसाद १

अकरा वर्षं ३८ फुटी बोट आहे, त्यातली आठ शर्यतीत. कीलपासून सुरू करतो. स्वतंत्र सर्व्हेयर बोलवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याला एक बोल्ट काढून बघायला सांगा, आणि हलच्या आतली चौकट तळापासून सुटलीये का, हे ठोकून तपासायला सांगा. बोल्ट बदलता येतात. चौकट सुटली असेल तर काम फार मोठं होतं. झिरपणाऱ्या सांध्यावर नुसतं सीलंट भरून कोणी 'झालं' म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

तारांना १२ वर्षं म्हणजे बदलायची वेळ आलीच. बरेच विमेवाले दहा ते पंधरा वर्षांच्या मध्ये विचारतात. टोकाच्या स्वेजजवळून (तारेवर दाबून बसवलेल्या जोडाजवळून) कापूस फिरवा, तुटलेला धागा असेल तर तो अडकतो. सेलड्राइव्हच्या पडद्याला बरेच जण सात वर्षं सांगतात. नोंद नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरा आणि किमतीतून वजा करा.

खर्च सर्वात जास्त शिडांवर, आणि तोही शर्यतीमुळे. डेक्रॉन सफरीला वर्षानुवर्षं चालतं. लॅमिनेटचा आकार दोन-तीन हंगामांतच जातो, फाटायच्या कितीतरी आधी. मी पाचव्या वर्षी मोठा स्पिनेकर (वारा मागून असताना लावायचं फुगीर शीड) सोडून लहान ठेवला, गुणांक खाली आला आणि निकाल फारसा बिघडला नाही. तुम्ही क्लबच्या शर्यतींत डेक्रॉनवर दोन हंगाम काढा. तोवर बोट कळते.

एकाच बोटीवर दोन्ही निभतं, पण दर वेळी सामान हलवावं लागतं, हे कोणी सांगत नाही. ८ मिलिमीटरची ५० मीटर नांगराची साखळी म्हणजे नाळेत, बोटीच्या पुढच्या टोकात, ७० किलो. शर्यतीआधी ती काढायची, सफरीआधी परत चढवायची. गाद्या, जादा पाणी, डिंगी (छोटी होडी) सगळ्याचं तेच. माझे हंगामातले निदान दहा शनिवार यातच जातात. पैशाचा हिशोब केलात तसा शनिवारांचाही करा, घरच्यांना समोर बसवून.

प्रतिसाद २

सुरक्षेचं सामान हिशोबात दिसलं नाही. लाइफराफ्टची (फुगवायच्या जीवरक्षक तराफ्याची) सर्व्हिस, मुदत संपलेले फ्लेअर (इशाऱ्याचे दारूगोळे), ईपर्बची (संकटात उपग्रहाला जागा कळवणाऱ्या यंत्राची) बॅटरी हे ठरलेले खर्च आहेत, त्यात काटकसर नको. १९७९ च्या, वादळात सापडलेल्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, १५ स्पर्धक गेले. सोडून दिलेल्या २४ बोटींपैकी फक्त ५ बुडाल्या. राफ्ट हवाच, पण आधी बोट तरंगती ठेवायची तयारी हवी. बिल्ज पंप आणि हॅच नवे करा, शिडं नंतर.

आणि भागीदारीचं लेखी करा. एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कोण ठरवणार, एवढा एकच मुद्दा आम्ही सोडला होता आणि त्यावरूनच बारा वर्षांची मैत्री तुटली.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री मी, मित्र आणि दोघांच्या बायका हे सगळं वाचत बसलो. शनिवार मोजले. माझ्या बायकोने सहा म्हटले, मित्राच्या बायकोने चार, आणि दोघांची जुळवाजुळव केली तर सामान हलवायला माणूस मिळतो.

सर्व्हेयर पुढच्या बुधवारी येतोय, आमचा आम्ही शोधलेला. मालकांनी बोल्ट काढायला परवानगी दिली, मात्र परत बसवायचा खर्च आमचा. तो आम्ही मान्य केला. बाहेर पडायची किंमत सर्व्हेयर ठरवेल, असं लिहून घेतलंय.

एकच विचारायचं राहिलं. फक्त पुढचा बोल्ट काढून पाहणं पुरेसं आहे, की ओघळ असलेला पण काढायला लावू? ओघळवाला इंजिनच्या खाली आहे, तिथे नख पोचतं पण पाना लावायला जागा नाही.