पायरी लहान ठेवली की भागलं, असं नाही

डेल्टा मॉड्युलेशन, म्हणजे आवाजाच्या दर नमुन्याला एकच बिट पाठवणं, याबद्दल दोन गोष्टी समोर आल्यात. एका बिटात आवाज मावतो कसा, हा प्रश्न. आणि 'पायरी (एका बिटासरशी पातळी जेवढी वरखाली सरकते ती उडी) जितकी लहान तितकं अचूक' हे उत्तर. हे उत्तर मला अर्धवट वाटतं.

जायकवाडीची पातळी दर तासाला पूर्ण आकड्यात कळवली, तर ते पीसीएम (पल्स कोड मॉड्युलेशन). 'मघापेक्षा वाढली' किंवा 'घटली' एवढंच कळवलं, तर डेल्टा मॉड्युलेशन. कम्पॅरेटर (दोन व्होल्टेज ताडून बघणारं सर्किट) मूळ सिग्नलची तुलना इंटिग्रेटरने (बिटांची बेरीज करत जाणाऱ्या सर्किटने) तोवर रचलेल्या जिन्याशी करतो. सिग्नल वर असला तर १, खाली असला तर ०. पलीकडे तसाच इंटिग्रेटर जिना पुन्हा रचतो आणि लो-पास फिल्टर (भराभर बदलणारा भाग गाळणारं सर्किट) त्याच्या कडा घासून काढतो.

आता पायरी. १ व्होल्ट शिखराची, १ किलोहर्ट्झची साइन लहर सेकंदाला ६४,००० नमुने घेऊन पकडायची, तर पायरी साधारण ०.१ व्होल्ट हवीच (२ × ३.१४ × १००० ÷ ६४,०००). लहान ठेवली की जिना मागे पडतो. नांदेडला आमच्या लॅबमध्ये सीआरओवर (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) हे स्वच्छ दिसतं: गोलसर लहरीचा सरळ रेघांचा त्रिकोण होतो. हाच स्लोप ओव्हरलोड. उलट पायरी फार मोठी केली, की सिग्नल शांत असतानाही १०१० चालूच राहतं आणि खरखर येते.

म्हणून सीव्हीएसडी (पायरी बदलत राहणारं डेल्टा मॉड्युलेशन) जरूर वाचा. सलग तीन-चार बिट सारखे आले की त्यात पायरी आपोआप मोठी होते. ब्लूटूथ हेडसेटवरच्या साध्या दर्जाच्या कॉलसाठी ही पद्धत ६४ केबीपीएसला (सेकंदाला ६४,००० बिट) वापरतात.