वेंगरनं २०१४लाच थांबायला पाहिजे होतं का?

मंगळवार पेठ गनर
परवा शाहू स्टेडियमवरनं मॅच बघून येताना पुतण्याशी जोरात वाजलं. पोरगं २००६चं, ज्या वर्षी आपण पॅरिसला बार्सिलोनाकडून चॅम्पियन्स लीगची फायनल हरलो त्याच वर्षीचं, इंग्लंडच्या आर्सेनलचा पक्का फॅन. पण १९९६ ते २०१८ आपला मॅनेजर असलेला वेंगर म्हटलं की त्याला 'वेंगर आऊट'चे बोर्ड आणि जर्मनीच्या बायर्नकडून दोन मॅचमध्ये खाल्लेले १० गोल एवढंच आठवतं. म्हणतो काका तुम्ही लोकांनी उगाच त्याला देव्हाऱ्यात बसवलाय. लई लागलं मनाला. २००३-०४ला लीगमध्ये ३८ मॅच, २६ जिंकल्या, १२ ड्रॉ, हार एक पण नाही, हे आम्ही डोळ्यानं बघितलंय राव, दुसऱ्या दिवशी गांधी मैदानात जो तो डावीकडनं आत येऊन आपला स्ट्रायकर आँरीसारखा लांबच्या कोपऱ्यात मारायला बघायचा. २०१४ला हल सिटीविरुद्ध ०-२ वरनं ३-२ करून इंग्लंडचा एफए कप उचलला, नऊ वर्षांचा दुष्काळ संपला, तिथंच तो थांबला असता तर आजच्या पोरांना वेगळा वेंगर दिसला असता का? का ती शेवटची चार वर्षं पण हिशेबात धरायलाच पाहिजेत?

नॉर्थ बँक रंकाळा
धरा की, पण मग २००६ ते २०१३ पण धरा. जुनं ग्राउंड हायबरी ३८ हजारांचं, नवं एमिरेट्स ६० हजारांचं, त्या स्टेडियमचं कर्ज डोक्यावर, तिकडं चेल्सी आणि मँचेस्टर सिटी वाट्टेल तेवढे पैसे ओततायत आणि आपले एकेक प्लेअर दरवर्षी विकले जातायत. २०११ला फॅब्रेगास, क्लिशी, नासरी एकाच उन्हाळ्यात गेले आणि ऑगस्ट संपायच्या आत ओल्ड ट्रॅफर्डला मँचेस्टर युनायटेडकडून ८-२ खाल्ले. टीव्ही बंद करून मी रंकाळ्यावर जाऊन बसलेलो. त्याच टीमला वेंगरनं त्या सीझनला लीगमध्ये तिसरं आणलं. पहिल्या २० सीझनमध्ये चौथ्याच्या खाली एकदा पण नाही. माझ्या मते इन्व्हिन्सिबल, म्हणजे एक पण न हरलेल्या त्या सीझनपेक्षा हे अवघड होतं.

५ नंबर जर्सी
मी पेठेतल्या टीमकडून हाफला खेळलोय, त्यामुळं जरा वेगळं सांगतो. १९९६ला वेंगर जपानमधनं आला तेव्हा त्यानं खाणं बदललं, वाफवलेला मासा, उकडलेल्या भाज्या, दारूची सवय मोडली. तिशी ओलांडलेले डिफेंडर, लोक म्हणत होते संपले, ते पुढं कित्येक वर्षं खेळले. फ्रान्समधली पोरं बाकी कुणी बघत नव्हतं तेव्हा यानं आणली. अनेल्काला जवळजवळ फुकटात आणून १९९९ला रियल माद्रिदला २ कोटी पौंडांच्या वर विकला, त्या पैशात आँरी पण आला आणि ट्रेनिंग ग्राउंड पण झालं. मग दहा वर्षांत सगळे क्लब हेच करायला लागले. तो मागं आला नाही भावा, बाकीचे त्याच्याकडनं शिकून त्याच्या बरोबरीला आले आणि मग पुढं गेले.

आमच्या कोचचं पण हेच झालं. मॅचआधी मिसळ बंद, पहाटे पळायला, पासिंग कसं करायचं, सगळं त्यांनी शिकवलं. पंधरा वर्षांनी पण तेच ड्रिल, आणि समोरच्या टीमला आमची मूव्ह पाठ. तालमीत कुणी बोललं नाही, कारण बोलणारे सगळे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले, मी पण त्यातलाच, आणि आज वाटतं बोलायला पाहिजे होतं, त्यांच्यासाठीच. आर्सेनलमध्ये क्लबचा व्हाइस-चेअरमन डेव्हिड डीन २००७ला क्लब सोडून गेला, त्यानंतर वेंगरला समोर बसवून 'नाही' म्हणणारा कोण राहिला सांगा.

गोकुळ शिरगाव फर्स्ट शिफ्ट
दादा तुमचं पटतं पण २०१५ला कुणी अडवलेलं? गोलकीपर चेक सोडला तर त्या उन्हाळ्यात मेन टीमसाठी एक पण प्लेअर घेतला नाही. जिल्बर्टो २००८ला गेला, त्याच्यासारखा मिडफिल्डला बसून राहणारा माणूस पाहिजे हे आम्हाला इथं बसून दिसत होतं. त्याच सीझनला सिटी, चेल्सी, युनायटेड सगळे घसरले आणि लेस्टर १० पॉइंटनी लीग घेऊन गेलं. तेवढं एक मी माफ करू शकत नाही. २०१७ला बायर्नची दुसरी मॅच रात्री सव्वाला लागली, पहिल्या मॅचमध्ये ५-१ खाल्लेले तरी जागलो, परत ५-१, आणि सातला कंपनीत हजर. प्रेम होतं म्हणूनच राग आला. त्यानं २०१७ला चेल्सीला हरवून सातवा एफए कप जिंकला आणि मला वाटलं आता सन्मानानं जाईल, तर अजून दोन वर्षांची सही. २०१८ला बर्नलीची शेवटची घरची मॅच ५-० जिंकून तो हात हलवत निघाला तेव्हा मात्र मी रडलो.

मंगळवार पेठ गनर
५ नंबर, तुमचं पुतण्याला वाचून दाखवलं. काही बोलला नाही. मग मी मोबाईलवर १९९८चा एव्हर्टनविरुद्धचा चौथा गोल लावून दिला, बोल्डनं वरनं टाकलेला बॉल, ॲडम्स एकटा पुढं पळत सुटलेला, छातीवर घेतला आणि डाव्या पायानं हाणला. दोनदा बघितला आणि विचारलं, काका हा स्ट्रायकर कोण? म्हटलं सेंटर बॅक आहे रे, आणि ज्यानं पास दिला तो पण.