फाल्कन ९च्या २०१४मधल्या खराब व्हिडिओत पाय खरंच दिसतात का?

पर्वतीची_शिक्षिका:
नववीच्या मुलांना स्पेसएक्सच्या सीआरएस-३ मोहिमेबद्दल (अवकाश स्थानकाला सामान पोहोचवणारी) सांगायचं आहे. १८ एप्रिल २०१४चं उड्डाण. फाल्कन ९ रॉकेटच्या पहिल्या, म्हणजे खालच्या टप्प्याला उतरण्यासाठी पाय लावलेले होते ते याच वेळी पहिल्यांदा, आणि तो अटलांटिकमध्ये हळुवार उतरवायचा होता. त्या उतरण्याच्या व्हिडिओची स्पेसएक्सने नंतर जाहीर केलेली मूळ फाइल माझ्याकडे आहे, पण बघावं तर नुसते रंगीत चौकोन. एआयने चित्र सुधारणाऱ्या एका ॲपमध्ये टाकली तर पाय अगदी गुळगुळीत दिसले. दुसऱ्या ॲपमध्ये त्याच जागी लाटांचा फेस आला! मुलांना यातलं कोणतं दाखवू?

बाणेरवाला:
लोकांनी दुरुस्त केलेली प्रत नेटवर आहे, ती दाखवून मोकळं व्हा.

हेडएंडवाले_काका:
ताई, दोन्ही दाखवू नका. ॲपला पाय दिसलेले नाहीत, तिथे काय असावं याचा त्याने अंदाज रंगवलाय. दोन ॲपनी दोन अंदाज केले, एवढंच.

मी कोथरूडमध्ये केबलच्या कंट्रोल रूममध्ये बरीच वर्षं काढली. जुलैच्या पावसात डिशचा सिग्नल पडला की पडद्यावर असेच चौकोन यायचे आणि फोन सुरू व्हायचे. तुमच्या फाइलची जात तीच आहे, ट्रान्सपोर्ट स्ट्रीम. समुद्र खवळलेला होता, सिग्नल विमानातून पकडला होता, त्यात बिट उलटले, म्हणजे ०चा १ किंवा १चा ० झाला. चित्र पुसलं गेलेलं नाही, बरंचसं आत अडकून पडलंय.

ही फाइल १८८ बाइटच्या पाकिटांची बनलेली असते. प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट हेक्समध्ये, म्हणजे १६ अंकांच्या पद्धतीत, ४७. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि दर १८८ बाइटवर ४७ येतो का बघा. नसेल तर तिथे मार लागलाय. मग पाकिटाचा पीआयडी. हा १३ बिटांचा पत्ता. त्यातला एक बिट जरी उलटला तरी प्लेयर ते पाकीट दुसऱ्याचं समजून टाकून देतो, आतला माल धडधाकट असला तरी. शेजारी ० ते १५ असा फिरणारा क्रमांक असतो. त्यात खंड दिसला की पाकीट कुठलं गेलं ते कळतं. पत्ते दुरुस्त केलेत की काही चौकोन तिथेच जातील.

पुढचं काम चिकाटीचं. अधूनमधून एक पूर्ण चित्र येतं, त्याला आय-फ्रेम म्हणतात. मधली पी-चित्रं फक्त आधीच्या चित्रातला बदल सांगतात, म्हणून आय-फ्रेम बिघडली की मागोमागची सगळी रांग बिघडते. आधी तीच धरायची. तिच्यात १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन असतात, आणि त्यांचे संकेत कमीजास्त लांबीचे. एक बिट उलटला की पुढचा संकेत कुठे सुरू होतो हेच कळेनासं होतं, आणि पुढची खूण सापडेपर्यंत सगळा कचरा. २०१४मध्ये अवकाशप्रेमींनी पहिला बिघडलेला चौकोन शोधून तिथले बिट एकेक करून उलटून पाहिले. उरलेली ओळ जुळली तर तो बिट बरोबर. त्यासाठी एफएफएमपेग या व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खास बदलही केले. माझ्या मते मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट हीच आहे, पायांपेक्षाही. अनोळखी माणसांनी एकेका बिटाची खातरजमा करत पाय पडद्यावर आणले.

नेटवरून घ्यायचं असेल तर त्यांची अंतिम प्रत घ्या. पण दुरुस्ती मूळ फाइलवरच करा. नेटवर चढवलेला व्हिडिओ पुन्हा दाबलेला असतो, त्यात मूळ बिट उरत नाहीत.

नारायणपेठ_मोडी:
काकांना दुजोरा. पेशवे दफ्तरातला फाटका कागद वाचताना गेलेल्या अक्षरांच्या जागी आम्ही टिंबं देतो. जे चौकोन सुटणार नाहीत ते राखाडीच राहू द्या.

पर्वतीची_शिक्षिका:
पीआयडीचं करून पाहिलं. काही पाकिटं खरंच परत आली आणि एका चित्रात इंजिनाच्या ज्वाळेचा उजेड ओळखता येतोय. फार आनंद झाला! आता एक शंका. पाय उघडायला किती वेळ लागला हे मुलं चित्रं मोजून काढू शकतील का?

हेडएंडवाले_काका:
वा! पण चित्रं मोजू नका. मधली गेलेली आहेत, उत्तर कमी येईल. काही चित्रांबरोबर पीटीएस नावाचा वेळेचा आकडा असतो. ते घड्याळ सेकंदाला ९०,००० ठोके देतं. पाय हलायला लागले ते चित्र आणि पूर्ण उघडले ते चित्र, या दोन्हींचे आकडे घ्या, वजाबाकी करा, ९०,०००ने भागा. आकडा शेजारच्यांच्या क्रमात बसत नसेल तर त्याचाच बिट उलटलाय, तो सोडून द्या.

आणि व्हिडिओवरून ताडून पाहायला आणखी एक गोष्ट आहे. स्पेसएक्सच्या एलॉन मस्कनी तेव्हा सांगितलं होतं की पाण्याला टेकल्यावरही टप्प्यावरचे संगणक ८ सेकंद माहिती पाठवत होते, टप्पा आडवा झाला तेव्हा थांबले. शेवटच्या वाचण्याजोग्या पीटीएसपासून मागे मोजत जा आणि पाणी कुठे येतं ते मुलांना शोधू दे.